शाळेच्या ग्रंथालयासाठी ‘कोहा’: चालतं, पण आधी दाखल नोंदवही उघडा

मराठवाड्यातल्या माध्यमिक शाळेत ‘कोहा’ हे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर चालेल का? चालतं, आणि इंटरनेट नसलं तरी चालतं. अडतं ते नोंदींपाशी.

न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २००० च्या जानेवारीत वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवाना मुक्त असल्यानं दरवर्षीचं शुल्क नाही. ४ जीबी रॅमचा जुना संगणक, त्यावर डेबियन (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली), एवढ्यावर शाळेची पाच-सात हजार पुस्तकं निवांत चालतात. संगणक साध्या राउटरला जोडला की मुलं वर्गातल्या स्मार्ट बोर्डवर किंवा टॅबवर पुस्तक शोधू शकतात. मात्र राउटरमध्ये या संगणकाचा आयपी पत्ता (जोडणीतला त्याचा क्रमांक) कायम करून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि शोधायचं पान उघडत नाही.

लाइटवरून आणखी एक. जुन्या मदरबोर्डवरचा बटण-सेल बहुधा संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ मागं जातं, इंटरनेट नसल्यानं आपोआप सुधारत नाही, आणि आज दिलेल्या पुस्तकाची परतीची तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षातली पडते. दोष कोहाला दिला जातो. सीआर २०३२ सेल बदला, छोटा यूपीएस लावा.

खरा घाम नोंदी भरताना निघतो. एका पुस्तकाला तीन मिनिटं धरली तरी ४००० पुस्तकांचे २०० तास होतात. रोज दोन तास बसलं तर शंभर दिवस. अर्धवेळ ग्रंथपालाकडून हे एका सत्रात उरकेल अशी अपेक्षा ठेवू नका. तयार नोंदी बाहेरून ओढायची सोय आहे, पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत असतात. आपल्या बालसाहित्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा दाखल नोंदवही (शाळेत आलेल्या पुस्तकांची क्रमवार वही) उघडून तिच्यावरून एक्सेलमध्ये यादी करा, मार्कएडिट या सॉफ्टवेअरमधून ती मार्क नोंदींत (ग्रंथालयांचा ठरलेला नोंद-साचा) बदला आणि कोहात चढवा. इथं तीन ठिकाणी घात होतो. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन करा. दाखल क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ नसेल तर सुरुवातीची शून्यं गळतात. आणि यादी युनिकोडपूर्व फाँटमध्ये (तो फाँट असेल तरच वाचता येणाऱ्या) टाइप केलेली असेल तर आधी ती रूपांतरित करून घ्या, नाहीतर सगळा कचरा आत जाईल.

लेखकाचं नाव कसं लिहायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा. निम्म्या पुस्तकांवर ‘कुसुमाग्रज’ आणि निम्म्यांवर ‘शिरवाडकर, वि. वा.’ राहिलं तर मुलाला अर्धीच पुस्तकं दिसतात. ‘ॲ’चंही तसंच: तो एका अक्षरात टाइप होतो आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही होतो. डोळ्यांना सारखाच, शोधाला वेगळा. शिवाय मूळ मांडणीत देवनागरी शब्दांचा शोध नीट लागत नाही. झेब्रा या कोहाच्या शोधयंत्राच्या अनुक्रमणिकेच्या फाइलमध्ये आयसीयू (युनिकोड अक्षरं नीट हाताळणारी सोय) सुरू करून सगळी अनुक्रमणिका नव्यानं बांधावी लागते. बसवून देणाऱ्याकडून हे आधी करून घ्या, मगच पैसे द्या.

विद्यार्थ्याचा कार्ड क्रमांक म्हणून हजेरी क्रमांक कधीच नको, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टर नंबर वापरा. इयत्ता वेगळ्या रकान्यात ठेवली की जूनमध्ये अख्खा वर्ग एकदम वर सरकवता येतो. बीड, धाराशिवकडच्या शाळांना एक सोय फार कामाची आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी वेगळा वाचक-प्रकार करून परतीची अंतिम तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीची बांधता येते. त्या प्रकाराला ‘हंगामी’ वगैरे नाव देऊ नका, ‘ब’ पुरे. पडद्यावर नाव सगळ्यांना दिसतं. दंडाचा आकडा रिकामा ठेवा.

बारकोडला ए-फोरवर ६५ लेबलं बसणारे स्टिकर घ्या. ४००० पुस्तकांना ६२ कागद लागतात. कोहाचं स्वतःचं लेबल छापायचं साधन देवनागरी जोडाक्षरं मोडतं, म्हणून लेबलवर फक्त क्रमांक छापा आणि शाळेचं नाव लिब्रे ऑफिसमधून. लेबल शीर्षकपानावर लावा, कारण सोळा पानी गोष्टींच्या पुस्तकांचं मुखपृष्ठ आधी जातं. वरून सेलोटेप नको. इथल्या उन्हाळ्यात ती पिवळी पडते आणि सुटते. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी कीबोर्डच. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर बारकोडचे आकडे मराठीत उमटतात आणि कोहा सांगतं, असं पुस्तकच नाही. देवघेवीच्या टेबलावर तेवढी एक चिठ्ठी चिकटवून ठेवा.

मेनूचा मराठी अनुवाद अर्धवट आहे, त्यामुळे इंग्रजीच ठेवलेलं बरं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर सरकारी ग्रंथालयांना मोफत मिळतं आणि सर्व्हर सांभाळावा लागत नाही; पण त्याची ४.० आवृत्ती क्लाउडवर चालते, म्हणजे नेट गेलं की देवघेव थांबली. हजारापेक्षा कमी पुस्तकं असतील तर दोन्हींच्या नादी न लागता चांगली वही ठेवा, उरलेल्या पैशांत पुस्तकं घ्या.

कोहा रोजचा बॅकअप आपोआप घेतं, पण त्याच संगणकात, आणि जुने पुसत जातं. दर शनिवारी ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. मे महिन्यात एकदा दुसऱ्या संगणकावर ती उघडते का तेही पाहा.