एएमएल लोकेशन: टिंबावर जाऊ नका, वर्तुळ बघा

आपत्कालीन नंबर लावला की स्मार्टफोन स्वतःच आपलं ठिकाण नियंत्रण कक्षाला कळवतो, ती सोय म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड मोबाईल लोकेशन, थोडक्यात एएमएल. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरुवात झाली, २०१६ पासून अँड्रॉइडमध्ये आली, २०१८ पासून आयफोनमध्ये. फोन करणाऱ्याला अ‍ॅप लागत नाही, काही दाबावं लागत नाही. बंद असलेलं लोकेशन फोन स्वतः चालू करतो, साधारण वीस सेकंद शोध घेतो, गुपचूप एक मेसेज पाठवतो आणि लोकेशन पुन्हा बंद करतो.

कॉल घेणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिलं तर याचं मोल फार मोठं आहे. एरवी नुसता टॉवर कळतो, आणि मोकळ्या भागात एका टॉवरचा पट्टा कित्येक किलोमीटरचा असतो. ज्याला बोलताच येत नाही, किंवा आपण कुठे आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, अशा माणसापर्यंत गाडी पोचते ती या मेसेजमुळे.

पण मेसेज नीट वाचता आला पाहिजे. अक्षांश-रेखांशाइतकेच महत्त्वाचे त्यात आणखी चार तपशील असतात. पहिला त्रिज्येचा, म्हणजे त्या ठिकाणाभोवती किती मीटरच्या वर्तुळात माणूस असावा याचा. १५ मीटर असेल तर दार गाठता येतं. ३०० मीटर असेल तर शोधायचं क्षेत्र चारशे पट होतं. दुसरा खात्रीचा. ९० टक्के असेल तर दहातल्या एका वेळी माणूस वर्तुळाच्या बाहेर असू शकतो. तिसरा ठिकाण कशावरून काढलं याचा: उपग्रह, वायफाय की टॉवर. चौथा ठिकाण कधी मिळालं याचा, आणि ती वेळ ग्रीनिचची असते. सॉफ्टवेअर ती स्थानिक वेळेत बदलत नसेल, तर ताजं लोकेशनही शिळं वाटतं.

खरी तक्रार इथेच आहे. बऱ्याच डिस्पॅच (म्हणजे मदतीची गाडी पाठवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर टोकदार लाल टिंब उमटतं आणि त्रिज्या कोपऱ्यात बारीक अक्षरात राहते. घाईत डोळा टिंबावरच जातो आणि गाडी शेजारच्या गल्लीत जाऊन थांबते. हायवेवर तर दहा मीटरच्या फरकाने टिंब दुभाजकापलीकडे दिसतं. मग गाडी उलट्या बाजूला पोचते आणि वळायला पुढचा कट कुठे असेल सांगता येत नाही. तिथे कुठून कुठे निघाला होतात आणि शेवटचा किलोमीटरचा दगड कोणता दिसला, हे विचारावंच लागतं.

मूळ मेसेजमध्ये मजला नसतो. बारा मजली इमारतीत आठ मीटरचं सुरेख वर्तुळ मिळालं, तरी जिना, विंग आणि दाराचा नंबर तोंडीच घ्यायचा. लँडलाइनवरून ही सोय चालत नाही. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर फोन शोध घेणं टाळू शकतो. आणि वडील गावाकडे कोसळले म्हणून मुलगी शहरातून फोन करते, तेव्हा लोकेशन अचूक येतं, पण मुलीचं!

म्हणून पहिला प्रश्न ‘मदत कुठे पाठवायची?’ हाच राहू द्या. लोकेशन वाचून दाखवत ‘तुम्ही बाजारपेठेत आहात ना?’ असं कधीच विचारू नका. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पत्ता त्याच्या तोंडून येऊ द्या, पुन्हा वदवून घ्या, मगच वर्तुळाशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर ‘ज्याला लागलंय तो तुमच्या जवळ आहे का?’ एवढं विचारलं की बहुतेक गुंता सुटतो.

सोय म्हणून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण टिंबाने घालवला: सॉफ्टवेअर घेताना त्रिज्येचं वर्तुळ नकाशावर आपोआप आखलं जातं का आणि लोकेशन किती सेकंदांपूर्वीचं आहे हे ठळक दिसतं का, या दोन गोष्टी चाचणीच्या कॉलवर स्वतः पाहून घ्या.