थ्री मेन इन अ बोट : सहा महिने पिंपाशेजारी

सोलापुरात आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्याला रात्रीचे दोनच आवडतात. जागायला काहीतरी हवं म्हणून डिसेंबरात जुन्या पुस्तकांतून जेरोम के. जेरोमची 'थ्री मेन इन अ बोट' उचलली. १८८९ सालची कादंबरी. तीन मित्र आणि माँटमोरन्सी नावाचा कुत्रा पंधरा दिवसांसाठी थेम्स नदीत होडी घेऊन निघतात. कोरड्या नळासमोर बसून मी नदीचं पुस्तक वाचतोय, हे बायकोला पुस्तकापेक्षा जास्त विनोदी वाटलं.

पहिल्यांदा वीस पानांत सोडलं होतं. वाक्यं लांबलचक, आणि हसायचं कुठे तेच कळेना. मग पाण्याच्या एका पाळीला एकच प्रकरण, असं ठरवलं. एकोणीस प्रकरणं आहेत; मधे गड्ड्याची जत्रा आली, लग्नसराई आली, जून उजाडला.

गाडी रुळावर आली ती तिसऱ्या प्रकरणात, पॉजरकाकांपाशी. यांना भिंतीवर एक तसबीर लावायची असते. सगळं घर दिमतीला. खिळे आणायला मोलकरीण पळते, कुठल्या मापाचे ते सांगायला तिच्यामागे पोरगा. काकांचं बोट कापतं, रुमाल कोटात, कोट सापडत नाही. घरभर शोधाशोध, आणि कोटावर हे स्वतःच बसलेले! मध्यरात्री तसबीर लागते, तीही वाकडी. आमच्या मामांनी लावलेलं हॉलमधलं घड्याळ मला तिथून स्वच्छ दिसत होतं. पाच अंशांचा कोन असावा.

खोट आहे. मूळ बेत थेम्सच्या गंभीर प्रवासवर्णनाचा होता, त्याची ढेकळं जागोजाग राहिलीत. राजे-राण्यांची पानं मी सरळ उलटली. सोळाव्या प्रकरणात तर नदीत वाहत आलेलं एका बाईचं प्रेत भेटतं. हसता हसता तोंडच मिटतं. होडीची मजा समजायला मात्र थेम्स पाहायला नको, कंबर तलाव पुरतो.

परवा बारावं प्रकरण दुसऱ्यांदा काढलं. अननसाचा डबा आहे, तो उघडायला ओपनर नाही. चाकू, कात्री, दगड, शेवटी होडीची डोलकाठी. डबा चेपून चेपून सगळे आकार घेतो, उघडत काही नाही. मी डोळे पुसतोय तोवर पिंप भरून पाणी जिन्याने खाली.

"का बे, झोपलास का?" खालचे काका ओरडले.

"नाही काका, अननस फोडत होतो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही.