कमी कर्बोदकांचा शाकाहारी डबा : एक परीक्षण

पुण्याच्या पश्चिम भागात घरपोच डबे देणाऱ्या एका सेवेने काही काळापूर्वी ‘लो-कार्ब शाकाहारी’ असा स्वतंत्र डबा सुरू केला. दुपारचा आणि रात्रीचा असे दोन्ही डबे मी पुरेसा काळ घेतले असून हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही. अशा सेवा आता पुण्या-मुंबईत बऱ्याच झाल्या आहेत आणि येथे ज्या गोष्टी तपासल्या आहेत त्या कोणत्याही डब्याला लावून पाहता येतील.

डबा कशाच्या जागी येतो हे आधी पाहायला हवे. आपल्या नेहमीच्या दुपारच्या जेवणातील तीन पोळ्यांत सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके असतात, वाटीभर भातात ४० ग्रॅमच्या आसपास, वाटीभर वरणात पंधरा-सोळा ग्रॅम, आणि सोबत बटाट्याची भाजी असेल तर आणखी तेवढीच. म्हणजे एका जेवणात १३० ग्रॅम सहज होतात. वैद्यकीय लिखाणात कमी कर्बोदकांच्या आहाराची वरची मर्यादा साधारणपणे संपूर्ण दिवसाला १३० ग्रॅम अशी धरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतील अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र इतक्या टोकाला जात नाही. एकूण ऊर्जेपैकी कर्बोदकांचा वाटा पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणावा आणि प्रथिने वाढवावीत, असा त्याचा कल आहे. प्रस्तुत सेवा कमी कर्बोदकांचीच वाट धरते. दुपारच्या डब्यात ३० आणि रात्रीच्या डब्यात २५ ग्रॅमपेक्षा अधिक कर्बोदके नसतील, असे तिचे आश्वासन आहे. सकाळची न्याहारी आणि दोन वेळचा चहा घरचा असल्यामुळे हे प्रमाण मला व्यवहार्य वाटले. केवळ वीस ग्रॅमवर दिवस काढायला लावणारे कीटो आहार शाकाहारी माणसाला फार काळ झेपतात असे मला वाटत नाही.

शाकाहारात खरी अडचण प्रथिनांची आहे. मांसाहारी माणूस भात कमी करून मासळीचा तुकडा वाढवून घेतो आणि त्याचा हिशोब जमतो. आपली प्रथिने मुख्यतः डाळीतून येतात आणि डाळीबरोबर कर्बोदकेही येतात : शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रथिने २१-२२ ग्रॅम, तर कर्बोदके ५५ ग्रॅम. त्यामुळे डाळ वाढवून प्रथिने मिळवायला गेले की कमी कर्बोदकांचा हेतूच बाजूला राहतो. उरते ते पनीर, टोफू, सोयाचे वडे, दही-चक्का, दाणे आणि तीळ-जवसासारख्या तेलबिया. प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, ही परिषदेची २०२० सालची शिफारस लक्षात घेतली तर साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम लागतात. दुपारच्या डब्यातून निदान वीस-पंचवीस ग्रॅम मिळाले नाहीत, तर चार वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जातो आणि दुपारी पाळलेले पथ्य संध्याकाळी मोडते.

या बाबतीत सेवेची कामगिरी मिश्र आहे. सोयाच्या वड्यांचा रस्सा, टोफूची मिरी घातलेली परतलेली भाजी आणि चक्क्यात कालवलेली काकडीची कोशिंबीर हे पदार्थ प्रथिनांच्या दृष्टीने चोख होते. सोयाचा तो विशिष्ट वास जाण्यासाठी वडे उकळून, दोनदा पिळून मग गोड्या मसाल्यात शिजवलेले असत, हे पहिल्याच घासाला कळत होते. पनीरच्या बाबतीत मात्र हात आखडता होता. डब्याबरोबर येणाऱ्या चिठ्ठीवर ‘पनीर मसाला, १०० ग्रॅम’ असे छापलेले असे. घरच्या काट्यावर तुकडे रश्शातून काढून तोलल्यावर ते साठ ग्रॅमच्या आसपास भरत. शंभर ग्रॅम हे वजन रश्शासकट होते. त्यात खोटे काही नाही, परंतु अठरा-एकोणीस ग्रॅम प्रथिने मिळाली असे समजून जेवणाऱ्याला प्रत्यक्षात अकराच मिळतात.

या डब्याची खरी ताकद भाज्यांमध्ये आहे आणि येथे मी थोडी रेंगाळणार आहे. आपल्याकडे पालेभाजी म्हटली की पीठ पेरणे, डाळ घालणे किंवा कण्या लावणे आलेच. अंबाडी तर तांदळाच्या कण्यांशिवाय बहुतेक घरांत होतच नाही. या स्वयंपाकघराने त्या जागी दाण्याचे जाडसर कूट, भाजलेले तीळ आणि सुके खोबरे वापरले आहे, आणि ते निव्वळ पर्याय म्हणून वापरलेले नाही. अंबाडीची भाजी कूट घालून, घोटून, वरून लसणाची चरचरीत फोडणी देऊन आली होती. तेलाचा लालसर तवंग कडेला जमला होता, लसणाच्या पाकळ्या कडक तांबूस झाल्या होत्या आणि भाजीचा आंबटपणा कुटाने नेमका तेवढा सौम्य झाला होता. कण्यांची आठवणही आली नाही. ढोबळी मिरचीच्या पीठ पेरलेल्या भाजीत एरवी चांगले मूठभर बेसन जाते. येथे दाण्याचे कूट आणि चमचाभरच बेसन होते, तेही कोरडे भाजून घेतलेले, त्यामुळे खमंगपणा राहिला आणि पिठाचा जडपणा टळला. भरल्या वांग्यांत गूळ नव्हता. गूळ काढला की पुणेरी मसाल्याचा तोल जातो अशी मला शंका होती, परंतु चिंचेऐवजी आमसूल वापरल्यामुळे आंबटपणाच मुळात मवाळ होता आणि गोडाची गरज फारशी भासली नाही. चिंचेत स्वतःची साखर बरीच असते, म्हणून ही निवड दोन्ही अंगांनी योग्य आहे. शेपू मात्र दरवेळी जास्त शिजलेला आला.

ताकाची कढी बेसनाशिवाय फाटते. सेवेने तिच्यामागे न लागता सोलकढी दिली आणि ते शहाणपणाचे केले. जवसाची आणि कारळ्याची चटणी डब्यात नेहमी असे. जवसातील कर्बोदके बहुतांश तंतुमय, म्हणजे न पचणारी, असल्यामुळे ती या आहारात बिनधास्त खाता येते आणि भाकरी नसलेल्या जेवणात जो सपकपणा येतो तो तिने जातो.

जेथे ही सेवा पोळीभाताची नक्कल करू पाहते तेथे ती फसते. फुलकोबी किसून केलेला ‘भात’ गरम असतानाच डब्यात बंद केला जातो, वाफेचे पाणी सुटते आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर झाकण उघडले की आधी उकडलेल्या कोबीचा वास येतो, मग तळाशी साचलेले पाणी दिसते. कर्बोदकांचा विचार केला तर दीडशे ग्रॅम फुलकोबीत सात-आठ ग्रॅम आणि तेवढ्याच भातात चाळीसहून अधिक, असा मोठा फरक आहे, हे खरे. परंतु भाताचे काम आमटी शोषून घेण्याचे असते. फुलकोबी आमटी शोषत नाही, ती आमटीत तरंगते. हाच कीस कोरड्या कढईत परतून, पूर्ण गार करून, त्यात दही कालवून आणि मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी देऊन जेव्हा आला, तेव्हा मात्र तो उत्तम लागला. स्वयंपाकघराला जमते ते हे आहे. मग आठवड्यातून दोनदा आमटीबरोबर तो पाणीदार लगदा कशासाठी द्यावा, हे समजत नाही.

बदामाच्या पिठाची भाकरी हे जाहिरातीतील मुख्य आकर्षण आहे. तिला बांधून ठेवण्यासाठी इसबगोल घालतात, कारण बदामाच्या पिठाला चिकटपणा नाही. ताजी, तव्यावरून उतरलेली असेल तर ती बरी लागत असावी; डब्यातून येईपर्यंत ती थंड होते, इसबगोलामुळे रबरासारखी ओढली जाते आणि घडी घातली की मधोमध चिरते. भाजी तिच्यात धरता येत नाही, चमच्यानेच खावी लागते. शिवाय एका भाकरीत तीस ग्रॅम बदाम धरले तर जवळजवळ १८० कॅलरी होतात, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा कमी नाहीत. रक्तातील साखर आवाक्यात ठेवणे हा हेतू असेल तर बदामाची भाकरी उपयोगी आहे. केवळ वजन उतरवण्यासाठी डबा लावणाऱ्याने दोन भाकऱ्यांचा हिशोब आधी करून पाहावा.

आता चिठ्ठीवरच्या आकड्यांविषयी. प्रत्येक डब्यावर कर्बोदके, प्रथिने आणि कॅलरी छापलेल्या असतात, ही गोष्ट इतर डबेवाल्यांच्या मानाने कौतुकाची आहे. परंतु कर्बोदकांच्या आकड्यातून तंतू वजा केलेले आहेत की नाहीत, हे त्यावर लिहिलेले नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तंतू वेगळे धरलेले आहेत, तर अमेरिकी तक्त्यांतील एकूण कर्बोदकांत ते मिळवलेले असतात. जवसासारख्या पदार्थात याने आकडा कित्येक पटींनी बदलतो. मी विचारले तेव्हा ‘आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम काढतात’ एवढेच उत्तर मिळाले. पनीरच्या रश्शाला जो गुळगुळीत दाटपणा होता त्याबद्दल स्वयंपाक पाहणाऱ्या बाईंना विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितले, “ताई, थोडं कॉर्नफ्लॉवर लावावंच लागतं हो, नाहीतर रस्सा डब्यात वेगळा होतो.” चमचाभर कॉर्नफ्लॉवर म्हणजे सात ग्रॅम कर्बोदके. जीव जाईल असे हे प्रमाण नाही, पण तीस ग्रॅमच्या हिशोबात त्याला जागा लागते, आणि चिठ्ठीवरील घटकांत त्याचा उल्लेख नव्हता. काजूच्या वाटणाचेही तसेच. बदाम-अक्रोडासारख्या मेव्यात कर्बोदके सर्वांत अधिक असणाऱ्यांपैकी काजू एक आहे. मगजबी किंवा तीळ वाटून तोच दाटपणा येऊ शकतो.

याहून अधिक खटकला तो शनिवारचा ‘साखरविरहित’ लाडू. तो खजुराचा होता. शंभर ग्रॅम खजुरात सुमारे सत्तर ग्रॅम कर्बोदके असतात, आणि त्यातील बहुतेक साखरच. नाचणीच्या भाकरीचा पर्यायही याच डब्यात ‘हेल्दी’ म्हणून दिला जातो. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ती मी आवडीने खाते, परंतु तिच्यातील कर्बोदके गव्हापेक्षा कमी नाहीत, किंचित जास्तच आहेत. पौष्टिक असणे आणि कमी कर्बोदकांचे असणे या दोन गोष्टींची येथे सरमिसळ झाली आहे, आणि या नावाखाली वेगळे पैसे घेणाऱ्या सेवेने ती करू नये.

उपवासाच्या डब्याने मात्र मला आश्चर्याचा धक्का दिला. एकादशी आणि चतुर्थी म्हणजे साबुदाणा, वरी, बटाटा आणि रताळे, म्हणजेच जवळजवळ निव्वळ स्टार्च; कमी कर्बोदकांवर असलेला माणूस या दिवशी हमखास घसरतो. येथे खमंग काकडी, दाण्याची आमटी, लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत आणि तुपात जिरे-मिरची घालून परतलेले पनीर असा डबा आला. आमटीत गूळ नव्हता, आमसूल आणि हिरवी मिरची पुरेशी होती. भोपळा फार गोड नसलेला, घट्ट गराचा निवडलेला होता. ज्यांच्याकडे उपवासाला जिरे किंवा कोथिंबीर चालत नाही त्यांनी आदल्या दिवशी कळवले तर ती वगळतात. केवळ या डब्यासाठी महिन्यातून दोन-तीनदा मागणी नोंदवावी, असे मी ओळखीच्यांना सांगितले आहे.

एक गंभीर त्रुटी सांगणे आवश्यक आहे. डबा लावताना अर्जात वय, वजन, उंची आणि नावडत्या भाज्या विचारतात. मधुमेहाची औषधे चालू आहेत का, हा प्रश्न नाही. जो इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याच्या जेवणातील कर्बोदके एकाएकी निम्म्याने कमी झाली आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्यांना वेगळाच धोका असतो : कर्बोदके फार कमी केल्यास साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये, साठू शकतात. या डब्याचे बरेच ग्राहक मधुमेहीच असणार. डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून मगच डबा लावावा, ही सूचना पहिल्या पानावर ठळक असायला हवी.

किंमत साध्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पनीर, बदाम आणि चक्का यांचे भाव पाहता काही अंशी ती समजण्यासारखी आहे, तरी ज्या दिवशी डब्यात फुलकोबी आणि दुधी असतो त्या दिवशी ती टोचते. डबा स्टीलचा, झाकण घट्ट, वेळ बहुधा साडेबारा. पावसात उशीर होतो, पण निरोप येतो. रात्रीचा डबा मी बंद केला आहे, कारण त्यात दुपारच्याच भाज्या नव्या फोडणीने येतात. दुपारचा चालू ठेवला आहे, बदामाच्या भाकरीशिवाय आणि जास्त टोफूसह. असा बदल त्यांच्या यादीत छापलेला नाही, परंतु फोनवर विचारल्यास ते करून देतात आणि भाकरीचे पैसेही वळते करतात.