गॅस ओव्हन पेटत नाही: ग्लो-बार आणि स्पार्क

अमेरिकेतल्या अनेक गॅस ओव्हनमध्ये ग्लो-बार इग्नायटर असतो, म्हणजे विजेने तापून लाल होणारी, गॅस पेटवणारी कांडी. तो लाल होऊनही दीड मिनिटात बर्नर पेटला नाही, तर दोष बहुधा इग्नायटरचाच. तो बर्नरला गॅस सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हशी सिरीजमध्ये असतो, म्हणजे दोघांतून एकच करंट वाहतो. जुना झाला की करंट कमी ओढतो आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. चपट्या प्रकारच्या इग्नायटरला साधारण ३.२ ते ३.६ अँपिअर लागतात. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) मोजल्याशिवाय महागडा व्हॉल्व्ह मुळीच बदलू नका. नवा इग्नायटर बसवताना प्लग काढा, गॅस बंद करा. कांडी फार ठिसूळ असते.

स्पार्कवाल्या, म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या ओव्हनचं निदान सोपं. टकटक ऐकू येते पण ठिणगी नाही? इलेक्ट्रोडवरची (ठिणगी पाडणारं टोक) ओल, काजळी पुसा, त्याच्याभोवतीच्या चिनीमातीला तडा आहे का पाहा. नॉब सोडताच ज्योत विझते, तर थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखून गॅस चालू ठेवणारा सेन्सर) तपासा.

वास आला, तर दोन्हींत आधी गॅस बंद, खिडक्या उघड्या आणि विजेच्या बटणांना हात नाही.