झोटेरो: औषधनिर्माणशास्त्राच्या प्रबंधलेखनात चार वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणे हे बडोद्यात माझे नेहमीचे काम आहे. गेली चार वर्षे माझ्याकडचे सर्व विद्यार्थी संदर्भांसाठी झोटेरो ही मोफत संगणकप्रणाली वापरतात. वैद्यकीय किंवा औषधनिर्माणशास्त्रातील लेखन ज्यांना करायचे आहे, त्यांनी ती जरूर वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती कोणते काम करते आणि कोणते आपल्यावर सोडते हे समजून न घेता वापरली, तर संदर्भसूची दिसायला निर्दोष आणि आतून चुकीची होऊ शकते, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

आम्ही झोटेरोकडे वळलो ते एका प्रबंधामुळे. त्या विद्यार्थिनीचे काम प्रोबायोटिक कॅप्सूलवर होते, संदर्भ शहाऐंशी होते आणि सगळे हाताने टंकलेले होते. व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात जो संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतो, त्या क्रमाने त्याला आकडा मिळतो. मी तिला आठव्या संदर्भानंतर एक नवा संदर्भ घालायला सांगितले होते, म्हणजे पुढचे सगळे आकडे एकेकाने सरकणार होते, आणि प्रबंध सादर करायला दोनच दिवस उरले होते. तिने फाइल छपाई-बांधणीच्या एका दुकानात दिली. "थई जशे, बेन," म्हणजे होऊन जाईल, असे दुकानदारांनी सांगितले. दुकानातल्या मुलाने वर्डमध्ये फक्त सुपरस्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे ओळीच्या वर लहान आकारात लिहिलेल्या आकड्यांपुरता शोध लावून ९ च्या जागी १० घातले. त्याबरोबर १९ चे ११० झाले, २९ चे २१० झाले, आणि सत्त्याऐंशी संदर्भांच्या प्रबंधात ७१० क्रमांकाचा संदर्भ उगवला. हे निदान नजरेत भरणारे होते. खरी गंभीर चूक वेगळीच होती. एका कॅप्सूलमधील सजीव जिवाणूंची संख्या दहाच्या नवव्या घातात दिलेली होती. तो घातांकही सुपरस्क्रिप्टच असल्याने त्याचाही दहा झाला आणि मात्रा कागदावर दहापट झाली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा मुलगी रडवेली झाली. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण ते काम त्याच्याकडे जायलाच नको होते, आणि ते जाऊ देण्याची जबाबदारी मार्गदर्शक म्हणून माझी होती.

झोटेरोमध्ये असा प्रसंग येत नाही, कारण तिथे मजकुरातला संदर्भक्रमांक कोणी टंकतच नाही. प्रणाली बसवली की वर्डमध्ये तिची स्वतःची पट्टी दिसू लागते. 'ॲड/एडिट सायटेशन' दाबले की शोधपेटी उघडते, तिच्यात लेखकाचे आडनाव किंवा शीर्षकातला एखादा शब्द लिहायचा, हवा तो लेख निवडायचा आणि एंटर दाबायचे. आकडा ती घालते आणि सूचीही तीच रचते. दुसऱ्या प्रकरणातला परिच्छेद उचलून चौथ्यात नेला, तरी 'रिफ्रेश' केल्यावर सगळे आकडे नव्या क्रमाने लागतात आणि घातांकांना धक्का लागत नाही. लेख आत आणणेही तितकेच सोपे आहे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतल्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी हा क्रमांक असतो, बहुतेक नव्या लेखांना १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय असतो, पुस्तकांना आयएसबीएन असतो. जादूच्या कांडीचे चित्र असलेल्या बटणाखाली यांपैकी कोणताही क्रमांक टाकला की लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे असा सगळा तपशील भरून येतो. एकेक संदर्भ टंकण्यात ज्यांच्या सुट्ट्या गेल्या आहेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

व्हँकुव्हर पद्धतीचा उगमही याच त्रासात आहे. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि हस्तलिखितांसाठी सर्वांना चालेल असा एकच आराखडा असावा असे त्यांनी ठरवले. संदर्भांची मांडणी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार करून दिली आणि १९७९ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. तरीही पन्नास वर्षे होत आली असताना एकवाक्यता पूर्ण झालेली नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नमुन्यात सहापेक्षा अधिक लेखक असले तर पहिले सहा देऊन 'एट अल' (आणि इतर) लिहितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत, म्हणजे २०२० च्या अकराव्या आवृत्तीनुसार, अशा वेळी पहिले तीनच देतात. एका पद्धतीत पृष्ठे १२३-३० अशी आखूड लिहितात, दुसरीत १२३-१३० अशी पूर्ण. एकीत नियतकालिकाचे नाव साधे, दुसरीत तिरपे. आमचा एक लेख एका नियतकालिकाकडून परत आल्यावर दुसरीकडे पाठवायचा होता आणि संदर्भ चौसष्ट होते. पूर्वी या कामात माझा एक रविवार गेला असता. या वेळी 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन पद्धत बदलली आणि चहा निवायच्या आत सूची नव्या रूपात तयार झाली. अशा दहा हजारांहून अधिक पद्धती झोटेरोच्या संग्रहात उपलब्ध आहेत. 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्येच मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीतली नियतकालिकांची संक्षिप्त नावे वापरण्याची चौकट आहे, तिच्यावर खूण करायला मात्र विसरू नये. 'इंडियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेस'चे 'इंडियन जे फार्म साय' होते आणि 'लॅन्सेट'सारखे एका शब्दाचे नाव तसेच राहते, हे नियम विद्यार्थ्यांनी पाठ करण्याची त्यामुळे गरज उरत नाही.

आता जे काम ही प्रणाली करू शकत नाही, त्याविषयी. आत आलेली नोंद चुकीची असेल, तर बाहेर पडणारा संदर्भ अत्यंत नीटनेटक्या स्वरूपात चुकीचा असतो, आणि ही चूक हाताने टंकलेल्या चुकीपेक्षा अधिक काळ लपून राहते, कारण स्वल्पविराम, अर्धविराम सगळे जागच्या जागी असतात. आमच्याकडे सर्वांत जास्त घोटाळा नावांचा होतो. मराठी माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, हा क्रम व्हँकुव्हर पद्धतीला चांगला मानवतो: आडनाव आणि त्यापुढे दोन आद्याक्षरे. परंतु गुजरातेत कागदोपत्री आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे, आणि पिढ्यानपिढ्या इथे राहिलेली आमची मराठी घरेही शाळेच्या दाखल्यापासून तीच पाळतात. समजा, एखाद्या लेखकाचे नाव 'शाह किरण रमणलाल' असे छापले गेले असेल, तर नोंदीत शेवटचा शब्द आडनाव म्हणून जातो आणि सूचीत 'शाह के आर' ऐवजी 'रमणलाल एस के' अवतरतात. मग तोच लेखक एका संदर्भात शाह आणि दुसऱ्यात रमणलाल होतो, आणि त्याचे काम शोधणाऱ्याला अर्धेच सापडते. नावाची नोंद कशी करावी हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी याच शहरात आणले होते. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना सांगते की लेखाचे पहिले पान उघडे ठेवावे आणि प्रत्येक नाव नोंदीशी ताडून पाहावे.

संस्थेचे नाव लेखक म्हणून द्यायचे असते तिथेही असेच होते. झोटेरोमध्ये लेखकासाठी आडनाव आणि नाव अशा दोन चौकटी असतात. 'वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन' या दोन चौकटींत विभागून लिहिले, तर सूचीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यू एच' असे छापून येते. मी हे प्रत्यक्ष एका बांधून आलेल्या प्रबंधात पाहिले आहे. चौकटीशेजारच्या लहानशा बटणाने दोन्ही चौकटींची एक करता येते. हे एवढे एकच बटण पहिल्या दिवशी शिकवले, तरी पुढची बरीच मनस्तापाची कामे वाचतात.

औषधनिर्माणशास्त्रात याची गरज अधिक आहे, कारण आमचे निम्मे आधार लेखांचे नसून ग्रंथसंहितांचे आणि मार्गदर्शक सूचनांचे असतात. इंडियन फार्माकोपियाला, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या भारताच्या अधिकृत ग्रंथाला, पीएमआयडी नसतो. त्याची नोंद हाताने भरावी लागते: लेखक म्हणून इंडियन फार्माकोपिया कमिशन, आवृत्ती, स्थळ म्हणून गाझियाबाद, प्रकाशक म्हणून तेच कमिशन, वर्ष, आणि ज्या औषधाचा परिच्छेद वापरला त्याचा खंड व पृष्ठ. 'आयपी' एवढे लिहून भागत नाही, कारण २०१८ ची आवृत्ती आणि २०२२ ची नववी आवृत्ती ही वेगवेगळी पुस्तके आहेत, आणि गोळीची कसोटी कोणत्या पुस्तकाप्रमाणे घेतली हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. विश्लेषण-पद्धतीच्या प्रमाणीकरणाची आयसीएच या औषधविषयक नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू-२ ही मार्गदर्शक सूचना नोव्हेंबर २०२३ मध्ये आर-२ या सुधारित रूपात स्वीकारली गेली. तरीही माझ्यासमोर येणाऱ्या कच्च्या प्रतींत २००५ ची आर-१ आवृत्ती असते, कारण तो संदर्भ मूळ सूचनेतून न येता आधीच्या तुकडीच्या प्रबंधातून आलेला असतो. झोटेरो याबद्दल काहीही सांगणार नाही, कारण दिलेली नोंद तिच्या दृष्टीने पूर्ण असते.

शीर्षकांबाबत एकच सूचना. ती साध्या वाक्याप्रमाणे, म्हणजे फक्त पहिले अक्षर मोठे ठेवून साठवावीत. त्यासाठी शीर्षकावर उजवी कळ दाबून रूपांतर करता येते, परंतु त्यानंतर पीएच मधला मोठा एच, औषधांची व्यापारी नावे आणि वनस्पतींच्या प्रजातींची नावे डोळ्यांखालून घालावी लागतात.

झोटेरोची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय सूचीच्या मांडणीशी संबंधितच नाही. मागे घेतलेल्या लेखांची जी नोंद 'रिट्रॅक्शन वॉच' ठेवते, तिच्याशी झोटेरो २०१९ पासून आपला संग्रह ताडून पाहते, आणि आपल्याकडचा एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर इशारा देते. तो लेख मजकुरात घालताना पुन्हा विचारते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधील लेख मे २०२० मध्ये आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला. तेवढ्या दिवसांत तो उतरवून ठेवलेल्या माणसाला ही खूण फार उपयोगी पडते.

परंतु न वाचता दिलेल्या संदर्भावर अशी खूण येत नाही. याचे मी प्रत्येक तुकडीला सांगते ते उदाहरण १९८० सालचे आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तेव्हा पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले: रुग्णालयात दाखल असताना मादक वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये पूर्वी व्यसन नसताना व्यसन लागल्याच्या फक्त चार नोंदी आढळल्या. पत्र एवढेच सांगते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार हे पत्र ६०८ वेळा उद्धृत झाले होते, आणि त्यांपैकी ७२ टक्के लेखकांनी ते 'ओपिऑइडने (म्हणजे याच मादक वेदनाशामकांनी) व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून दिले होते. हे रुग्ण रुग्णालयातले होते, घरी महिनोनमहिने गोळ्या घेणारे नव्हते, हे ८० टक्क्यांनी सांगितलेच नव्हते. त्या सहाशे संदर्भांत लेखकांची नावे, वर्ष, खंड, पृष्ठ बहुधा बिनचूक असतील. पत्र मात्र पाच वाक्यांचे होते, आणि ते वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. म्हणून विरामचिन्हांवरचा जो वेळ आता वाचतो, तो मी मुलांकडून मूळ लेख वाचण्यासाठी घेते. प्रत्येक संदर्भाच्या नोंदीखाली 'नोट'मध्ये त्यांनी स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या: या लेखात काय मोजले, कोणावर मोजले, आणि मी तो कशासाठी घेतला. ज्याच्याखाली या ओळी नाहीत, तो संदर्भ मी सूचीत राहू देत नाही.

खर्चाचे म्हणाल तर प्रणाली मोफत आहे. २००६ साली ती अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झाली आणि तिची संहिता सर्वांसाठी खुली आहे. तीनशे एमबीपर्यंतच्या जोडफायली त्यांच्या जाळ्यावर फुकट ठेवता येतात, त्यापुढे पैसे पडतात. परंतु नोंदींना ही मर्यादा लागू नाही, त्यामुळे पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवल्या तर विद्यार्थ्याला एक रुपयाही भरावा लागत नाही. एंडनोट ही अशीच दुसरी संदर्भप्रणाली विकत घ्यावी लागते, आणि वर्षभरात कॉलेज सोडणाऱ्या मुलांना ती घ्यायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

शेवटच्या टप्प्यावर एक काळजी घ्यावी. 'अनलिंक सायटेशन्स' दाबले की आकडे साधा मजकूर होतात आणि ते परत जोडता येत नाहीत. म्हणून ते नेहमी प्रतीवर करावे आणि मूळ फाइल तशीच जपावी, कारण परीक्षकांनी एखादा संदर्भ वाढवायला सांगितला तर तीच उघडावी लागते. बांधणीसाठी आम्ही आजही त्याच दुकानात जातो. त्यांची काळ्या कापडावरची सोनेरी अक्षरे उत्तम उठतात आणि ते दिलेल्या दिवशी काम हातात ठेवतात. त्यांना आता वर्डची फाइल जात नाही, पीडीएफ जाते.