पिल्लाचं जुनं आजारपण सांगून घेतलेला पेट इन्शुरन्स: माझा रिव्ह्यू

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, प्लॅन सारखे बदलत असतात आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही की कुणाचे वाभाडे काढायचे नाहीत. स्टार द्यायचेच तर ५ पैकी साडेतीन. अर्धा कापलाय तो ॲपसाठी, आणि एक अख्खा का कापला ते खाली येईलच.

गुंडी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, आमच्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत आधीच्या घरची फाइल पण आली. तिला आधी जुलाब झाले होते, शीच्या तपासणीत जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) निघाला, फेनबेंडाझोल या औषधाचा कोर्स झाला आणि नंतरची टेस्ट निगेटिव्ह. पिल्लांमध्ये हे भरपूर दिसतं, एकत्र वाढलेली पिल्लं असली की पाण्यातून, अंगाला लागलेल्या शीतून एकाचं दुसऱ्याला होतं. आता पॉलिसीच्या फॉर्ममध्ये प्रश्न काय, तर "तुमच्या पेटला सध्या काही आजार आहे का?" सध्या तर नाहीच ना! ओळखीतल्या निम्म्या लोकांनी हेच सांगितलं की 'नाही'वर टिक कर आणि मोकळी हो, कोण बघतंय.

बघतात. फक्त तेव्हा नाही बघत, पहिला क्लेम टाकला की बघतात. कंपनीला तेव्हा नुसतं लसीकरणाचं कार्ड नको असतं, डॉक्टरांकडच्या सगळ्या नोंदी लागतात, आधीच्या दवाखान्यातल्यासुद्धा. आणि तिथे कुणीतरी घाईत लिहिलेलं "शी पातळ, भूक कमी" एवढं एक वाक्य पुरतं, कारण बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनचा आजार म्हणजे नाव ठेवलेला आजारच असं नसतं, लक्षण दिसलं असेल तरी तो धरतात, आणि वेटिंग पिरियडमध्ये (पॉलिसी घेतल्यावर कव्हर सुरू व्हायच्या आधीचा काळ, आजारांसाठी बहुधा १४ ते ३० दिवस) जे दिसेल तेही त्यातच. आधी लपवलेलं असं सापडलं तर नुसता तो क्लेमच नाही, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

म्हणून आम्ही फॉर्मवर न थांबता कंपनीला ईमेल केला, सगळी फाइल जोडली आणि विचारलं की हे धरून काय काय कव्हर होणार नाही ते पैसे भरायच्या आधी लेखी द्या. ही सोय सगळ्या कंपन्या देत नाहीत, इथे दिली, पहिला मोठा प्लस पॉइंट हाच. फोनवरची मुलगी गोड बोलते, "हो मॅडम, ते काही नाही होत" म्हणते, पण त्या बोलण्याला क्लेमच्या वेळी शून्य किंमत.

आता तो कापलेला अख्खा स्टार. उत्तर आलं त्यात वगळलेल्या गोष्टींमध्ये लिहिलं होतं, "पचनसंस्थेशी संबंधित सर्व आजार." सर्व! एका परजीवीपायी पोट, आतडं, लिव्हर सगळंच बाहेर. पिल्लाचा निम्मा खर्च पोटाचाच असतो हो, दिसेल ते तोंडात घालायचं वय ते, मग पॉलिसी घ्यायची तरी कशाला? प्रिमियममध्ये मात्र एका पैशाची सूट नाही.

आमच्या डॉक्टरांना ते पत्र दाखवलं तर ते हसलेच. मग त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: निदान काय होतं, औषध कोणतं आणि कधी संपलं, त्यानंतरची शीची तपासणी निगेटिव्ह (ही त्यांनी वेगवेगळ्या दिवशीच्या नमुन्यांवर पुन्हा केली, कारण जिआर्डिया प्रत्येक शीत सापडेलच असं नाही), वजन वयाप्रमाणे वाढतंय, आणि हा संसर्ग होता, कायमचा विकार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं निघालं. पत्र पाठवलं, थोडी टोलवाटोलवी झाली आणि नवीन मजकूर आला: "जिआर्डिया संसर्ग व त्याचे थेट परिणाम", शिवाय ठरावीक काळ लक्षणं दिसली नाहीत तर रिन्यूअलला हे कलम पुन्हा तपासू. हे मला मान्य होतं. जे झालंय ते वगळा, पण न झालेलं कशाला वगळता?

आणि मग गुंडीबाईंनी मोजा खाल्ला. आधी उलट्या, मग पाणीसुद्धा पोटात राहीना, एक्स-रे, सोनोग्राफी, आतड्यात अडकलेला, ऑपरेशन. जुनं कलम असतं तर हे अपघातात धरायचं की पोटाच्या आजारात यावर कंपनीला वाद घालायला आयतं कारण मिळालं असतं. आता झालं एवढंच की त्यांनी जुन्या नोंदी मागवल्या, त्यात जिआर्डिया होता, आमच्या ईमेलमध्येही होता, मेळ बसला, विषय संपला. क्लेम पास.

पूर्ण पैसे मिळाले का? नाही, पूर्ण कधीच मिळत नाहीत. डिडक्टिबल (आपण भरायची ठरलेली रक्कम) जातं, वर को-पे (बिलाचा आपल्या वाट्याचा टक्का) जातो, आणि आधी काय कापतात तेही बघून घ्या. बिल १०० धरा, डिडक्टिबल २०, को-पे १० टक्के. आधी डिडक्टिबल कापलं तर हातात ७२, आधी को-पे कापला तर ७०. हे गणित पॉलिसीच्या कागदात कुठेतरी बारीक अक्षरात असतं. आणि दवाखान्याचं बिल आधी आपल्या खिशातून भरायचं, परतावा नंतर, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी पैसे हाताशी लागतातच.

ॲपबद्दल काय बोलू. एका वेळी एकच फाइल, मध्येच लॉगआउट, आणि डिस्चार्जचा कागद फोटो "अस्पष्ट" म्हणून परत, जो मला चष्म्याशिवाय वाचता येतो. सरळ ईमेल करा, ईमेलवर माणसं उत्तर देतात.

जुलाब, कानाचं इन्फेक्शन, केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) असलं बरं होऊन गेलेलं काही असेल तर ही पॉलिसी बिनधास्त बघा, डॉक्टरांचं पत्र घेऊन भांडायची तयारी ठेवा. पण पिल्लाची गुडघ्याची वाटी सरकते असं तपासणीत एकदा जरी लिहिलं गेलं असेल तर इथे घेऊ नका. यांच्या कागदात दोन्ही बाजूंचं कलम आहे, म्हणजे डाव्या पायाची नोंद असली की उजवा पायही आपोआप बाद, आणि त्यावर मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की हे कलम कुणासाठीच बदलत नाही.