खाऱ्या पाण्यातल्या गाडीला ब्रेकचा पाइप: कंपनीचा, बंडीचा की तांबे-निकेलचा?

मासळीच्या गाडीखाली एकदा वाकून बघा. हौद्याच्या फळ्यांतून बर्फाचं पाणी जिथे ठिबकतं, बरोबर त्याखालून मागच्या ब्रेकचा लांब पाइप जातो. ते पाणी खारं असतं, आणि क्लिपेत साचलेल्या चिखलात ते दिवसचे दिवस मुरत राहतं. वरून पाइप काळा, धडधाकट दिसतो. क्लिप सरकवून नख फिरवलं की पापुद्रे सुटतात.

माझा छोटा ट्रक 2009 सालचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरायची, आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं आणि रिकाम्या टपांसह परत यायचं, असा त्याचा रोजचा धंदा. 2014 च्या पावसाळ्यात परतीच्या वाटेवर, साखरप्याच्या वरच्या उतारावर ब्रेकचं पेडल एकदम खोल गेलं. पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरला पुढची आणि मागची अशी दोन वेगळी सर्किटं असतात म्हणून पुढची चाकं तरी धरत होती. दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी खाली आणली. खाली येऊन पाहिलं, तर मागचा पाइप फुटून क्रॉस मेंबर, म्हणजे चासीचा आडवा दांडा, ब्रेक ऑइलने माखला होता. त्यानंतरच्या वर्षांत मी तिन्ही प्रकारचे पाइप त्याच जागी वापरून पाहिले. त्यामुळे पुढचं सगळं एका गाडीच्या अनुभवावरचं आहे, तेवढं धरून वाचा. एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं, त्यांच्याबद्दल हे नाही.

पहिल्या वेळी बंडी, म्हणजे मापाने कापून बसवायची पोलादी नळी, टाकली. गाडी रस्त्यात अडकलेली, दुसऱ्या दिवशीचा माल ठरलेला, अशा वेळी जवळच्या गॅरेजात जे मिळतं तेच घ्यावं लागतं. बंडी स्वस्त आणि कुठेही मिळणारी. मिस्त्री मापाने कापतो, नट घालतो, जोड गळू नये म्हणून टोक पसरवून तोंड फुलवतो, आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर. पण ती पोलादाची असते. हाताने नीट वाकत नाही, जोर लावला की चेपते. जुन्या वाटेने ती जाईना, म्हणून मिस्त्रीने क्रॉस मेंबरच्या खालून फिरवली आणि मधे एक जोड दिला. तो जोड पहिल्या महिन्यापासून ओलसर राहायचा. दोनदा तोंड नव्याने फुलवून घेतलं. पोलाद कडक असल्याने साध्या हत्याराने तोंड सगळीकडून सारखं फुलत नाही आणि एका बाजूला बारीक चीर राहते. जोरात ब्रेक दाबला की लाइनीतला दाब 100 बारच्या घरात जातो. तिथे केसाएवढी चीरही खपत नाही. दोन पावसाळ्यांनंतर, 2016 साली, तो पाइप मी स्वतःहून काढला. तडीस नेणारी बंडीही असते, चांगल्या हाताची आणि चांगल्या हत्याराची. माझ्या वाट्याला ती आली नाही.

मग कंपनीचा पाइप मागवला. वस्तू म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. वळणं आयती, तोंडं यंत्रावर फुलवलेली, वर प्लॅस्टिकचा लेप. जोड नाही, गळती नाही, पेडल पहिल्या दिवशीसारखं. तुमची गाडी सांगली-साताऱ्याकडे भाजीपाला किंवा सिमेंट वाहत असेल, तर मी याच पाइपाचं नाव घेईन आणि पुढचं वाचायची गरजही पडू नये.

माझं घोडं अडलं ते पाइप बसवताना. आयत्या वळणांचा लांब पाइप चासी आणि हौद्याच्या मधून, क्रॉस मेंबरच्या वरून जातो, आणि तिथे जेमतेम दोन बोटांची फट असते. कारखान्यात हौदा नंतर बसतो, म्हणून तिथे ते जमतं. गॅरेजात मात्र वळलेला पाइप त्या फटीत शिरत नाही. त्यासाठी हौदा उचलावा लागतो, आणि हौदा उचलायचा म्हणजे त्याचे यू-बोल्ट सोडायचे. इतकी वर्षं खारं पाणी प्यायलेला यू-बोल्ट सुटत नाही, तुटतो. डिझेल फवारलं, रात्रभर भिजवलं, गॅसने तापवलं. आठांपैकी पाच तुटलेच. नवे बोल्ट, जॅक, चार माणसांचा हात, असे दोन पूर्ण दिवस गेले आणि ऐन हंगामात गाडी उभी राहिली. पाइपाच्या किमतीपेक्षा हौद्याचाच खर्च जास्त झाला. एवढं करून बसवलेल्या पाइपाला 2020 मध्ये पासिंगच्या आधीच्या तपासणीत क्लिपेखाली लेप फुगलेला दिसला. लेपाला क्लिपेने बारीक ओरखडा दिला की त्यातून पाणी आत शिरतं आणि गंज आतल्या आत सरकत जातो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, त्या निमित्ताने तरी हे नजरेस पडलं. तेव्हाच ठरवलं की आता हौदा उचलायचा नाही.

तांबे-निकेलचा पाइप मला ट्रॉलरच्या इंजिनाचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीने सुचवला. “दादा, समुद्राचं पाणी ज्या नळ्यांतून फिरवतो, त्याच धातूचा ब्रेक पाइप येतो. तो का नाही टाकत?” 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल, थोडं लोखंड आणि मँगनीज. जहाजांच्या खाऱ्या पाण्याच्या नळ्या याच मिश्रधातूच्या असतात. पाच रुपयांची जुनी जाड नाणी आठवत असतील, तीही याच घराण्यातली, फक्त त्यांत निकेल 25 टक्के. हा पाइप लाल गंज धरत नाही; फार तर काळवंडतो.

पण माझ्यासाठी निकाल लावला तो त्याच्या मऊपणाने. पाइप गुंडाळीत येतो. टोकाला चिकटपट्टी लावली, म्हणजे आत माती जाणार नाही. मी पुढून सरळ करत सोडत गेलो, मिस्त्री खाली उताणा पडून ओढत गेला. लेंग्यात नाडी ओवतात तसा तो क्रॉस मेंबरवरून सरकत मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी बाहेर आला. हौद्याच्या एकाही बोल्टला हात लागला नाही. वळणं अंगठ्याने दिली. तोंडं पहिल्याच खेपेला एकसारखी फुलली, मधे एकही जोड नाही. दुपारी तीनला हवा काढून झाली. मग मिस्त्रीने पेडल दाबून धरलं आणि मी प्रत्येक नटाभोवती वर्तमानपत्राचा तुकडा फिरवला. सगळे तुकडे कोरडे निघाले. तेव्हापासून पाच पावसाळे झाले.

त्याच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. बंडीच्या कित्येक पट पैसे पडतात आणि तालुक्याच्या दुकानात तो मिळेलच असं नाही. मला मागवून आठवडाभर थांबावं लागलं. मऊ असल्याने घासला गेला तर लवकर झिजतो, म्हणून क्लिपा जवळजवळ हव्यात, आणि प्रत्येक क्लिपेत रबराचा तुकडा. नट पोलादाचेच असतात, ते गंजतातच. मी दर पावसाळ्याआधी त्यांवर ग्रीस चोपडतो. तोंडाचे प्रकार दोन असतात, दुमडलेलं आणि फुगवलेलं. जुन्या पाइपाचं टोक कापून हातात घ्या आणि तसंच करून घ्या. एक प्रकार दुसऱ्याच्या जागी बसल्यासारखा वाटतो, पण गळतो.

कळकळीने एक सांगतो. तांबे-निकेल म्हणून कुणी फ्रिज किंवा एसीची साधी तांब्याची नळी पुढे केली, तर घेऊ नका. रंग जवळपास सारखाच असतो, साधं तांबं जरा जास्त लालसर. हादऱ्यांनी तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. रबरी नळी आणि पट्ट्यांचा जुगाडही नको, गंजलेल्या भागापुरता तुकडा जोडणंही नको. एका ठिकाणी फुटलेला पाइप दुसरीकडेही तितकाच जुना असतो.

गाडी दोन वर्षांत विकायची असेल, तर चांगल्या हाताची बंडी पुरेल. हौदा रंगासाठी किंवा फळ्यांसाठी तसाही उतरवणार असाल, तर त्याच वेळी कंपनीचा पाइप टाकून घ्या. तेव्हा त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण गाडी मासळीची असेल, हौदा जागचा हलणार नसेल आणि ती अजून काही वर्षं घाटात न्यायची असेल, तर मी आठवडाभर थांबून गुंडाळी मागवेन. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांचे पाइप अजून जुनेच आहेत. त्यांच्यासाठीची गुंडाळी घरी आणून ठेवली आहे, पावसाळी मासेमारीबंदीत ते काम करून घेणार आहे.